मुक्या मात्रा

मालोजीअण्णांनी ढोलकी देऊन टाकायचं ठरवलं होतं, आणि अण्णांनी एकदा ठरवलं की अख्ख्या येलहंक्यात त्यांचं मन वळवणारं कुणी नव्हतं. कानांनी साथ सोडल्याला दोन वर्षं झाली होती. भजनात त्यांचा ठेका सुटू लागला, मंडळातले लोक भिडेपोटी काही बोलेनात, तेव्हा अण्णा आपणहून घरी बसले. आज संध्याकाळी मंडळातला रघुजी ढोलकी न्यायला येणार होता.

हे त्यांच्या पुतणीला, अक्षराला, अजिबात मंजूर नव्हतं. जयनगरच्या एका छोट्या कंपनीत ती संगणकाला गाण्यातली लय ओळखायला शिकवत असे. रेकॉर्ड केलेलं गाणं त्याला ऐकवायचं, त्याने त्यातली एकेक मात्रा हेरायची आणि नेमक्या त्या क्षणी मनगटावरचा पट्टा थरथरायचा. कान गेले तर गेले, मनगट तर शाबूत आहे ना, असा तिचा साधा हिशेब. सकाळीच ती पट्टा आणि सोबत आपला सहकारी त्रिविक्रम, असं दोघांनाही घेऊन अण्णांच्या घरी धडकली होती.

फोनवर मंडळाचं जुनं भजन लावलं. त्यात गाणाऱ्या सकवारबाई, म्हणजे अण्णांची बायको, आणि ढोलकीवर खुद्द अण्णा. अण्णा घरी बसल्यापासून बाईंनीही गाणं सोडलं होतं. अण्णांनी पट्टा बांधला, थाप मारली आणि थोड्याच वेळात हात थांबवले.

"हा लंगडतोय गं," ते म्हणाले. "एकदा जागा होतो नि झोपतो. मग दोनदा दचकतो, पुन्हा झोपतो. राहू दे, पोरी. तू एवढं केलंस तेच पुष्कळ."

रागावले असते तर परवडलं असतं. पट्टा काढून त्यांनी इतक्या हळुवारपणे तिच्या हातात ठेवला की अक्षराला रडूच आलं.

बाहेरच्या खोलीत येऊन तिने आधी पट्ट्याला शिव्या घातल्या, मग रेकॉर्डिंगला, मग स्वतःला. ऑफिसात हाच पट्टा प्रत्येक चाचणीत अव्वल आला होता, साहेबांनी पेढेसुद्धा वाटले होते. मग इथेच त्याला काय धाड भरली? त्रिविक्रमने भजन पुन्हा लावलं आणि डोळे मिटून मांडीवर ताल धरला. लहानपणापासून कर्नाटक संगीत शिकलेला तो, गाणं सुरू झालं की त्याचा हात आपोआप चालू होई. मांडीवर एक टाळी. मग करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुन्हा टाळी, मग हात उलटा. पुन्हा टाळी, हात उलटा.

अक्षरा ताडकन उठली.

"गाण्यांवर खुणा करायला माईकसमोर बसलास, तेव्हाही असाच ताल धरला होतास?"

"मग दुसरा कसा धरतात?" त्रिविक्रमने डोळे उघडले आणि आपल्याच उलट्या तळव्याकडे पाहत राहिला.

दोघांच्याही डोक्यात एकदमच प्रकाश पडला. संगणकाला शिकवायचं म्हणून त्रिविक्रमने शेकडो गाण्यांवर ताल धरला होता आणि माईकने टाळीचा आवाज तेवढा टिपला होता. बोटांच्या आणि उलट्या हाताच्या मात्राही पुऱ्या मात्राच, पण त्यांना आवाज कुठला? बिचारा संगणक इमानदारीत शिकला की तिथे काही नसतंच. चाचणीही त्याच खुणांवर घेतलेली, मग तो नापास व्हायचा कसा! अक्षराला इतकं हसू लोटलं की सकवारबाई स्वयंपाकघरातून डोकावल्या.

त्यांच्याकडून स्टीलचं ताट आणि चमचा घेतला. त्रिविक्रम एकेका भजनावर प्रत्येक मात्रेला ताट वाजवू लागला, आणि अक्षरा त्या नव्या खुणांवरून संगणकाला पुन्हा धडे देऊ लागली. जेवण राहिलं. शेजारचे विचारून गेले की घरात कसला कार्यक्रम आहे. अण्णा आपले शांतपणे ढोलकीला कापडी खोळ चढवत होते, आणि ते पाहून अक्षराची बोटं आणखीच घाईने चालत होती.

काम संपायच्या आत रघुजी हजर झाला. अक्षराने त्याला कॉफी दिली, वर आणखी एक कॉफी दिली, आणि तो तिसरीला नको म्हणत असतानाच संगणकाचं शिकून झालं.

तिने पट्टा पुन्हा पुढे केला. पोरीचं मन मोडू नये म्हणून अण्णांनी हात दिला, खोळ काढली आणि भजन सुरू झालं. पहिली थाप सावध पडली. दुसरी, तिसरी, चौथी... अण्णांच्या भुवया वर गेल्या. पट्टा एकही मात्रा सोडत नव्हता. अंतऱ्यानंतर मंडळाच्या रिवाजाप्रमाणे लय चढू लागली, अक्षराने श्वास रोखला. पट्टा लयीबरोबर चढला आणि अण्णाही चढले. खोलीभर ढोलकी घुमू लागली. अक्षराला आनंदाने ओरडावंसं वाटत होतं.

दारात उभ्या सकवारबाईंचे ओठ हलू लागले. आधी नुसतेच, मग त्यांनी मोकळा आवाज लावला, आपल्याच जुन्या आवाजात आवाज मिसळून. अण्णांची नजर त्यांच्या तोंडाकडे गेली.

"सकू, गातेयस तू?"

बाईंनी न थांबता मान हलवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण सूर ढळला नाही. अण्णांना त्यातलं अक्षरही ऐकू येत नव्हतं, तरी त्यांची थाप बाईंच्या शब्दाबरोबर, समेवर, नेमकी पडत होती.

भजन संपलं. अण्णांनी खांद्यावरच्या पंचाने तोंड पुसलं. रघुजी अवघडून उठला, ढोलकी घ्यायची की नाही ते त्याला कळेना. अण्णांनी ती मांडीवर आणखी जवळ ओढली.

"पुढच्या रविवारी टाळ घेऊन ये रे," ते म्हणाले. "ढोलकीला माणूस आहे."