माऊसवरचा आळ

मित्रांनो, मी एक जुना माऊस आहे. शेपटीवाला, म्हणजे वायरचा. आजकालच्या बिनवायरच्या पोरांसारखा मी उंडारत नाही. कारखान्यात माझा जन्म झाला तेव्हा तपासनीसबाईंनी मला दाबून पाहिलं आणि "पास" म्हणाल्या. त्याचा मला आजही अभिमान आहे. हसू नका.

माझी मालकीण शिवणकाम करते. सगळी गल्ली तिला मावशी म्हणते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती मशीन थांबवून कॉम्प्युटरवर थोडे थोडे शेअर घ्यायची, अगदी जपून. तिला शेजारचा गाळा भाड्याने घ्यायचा होता. महिनाअखेर अनामत भरली नाही, तर तो न्हाव्याला जाणार होता. मला ती रोज मऊ चिंधीने पुसायची. सुखाचे दिवस होते ते!

एके दुपारी तिने दहा शेअरसाठी बटण दाबलं आणि स्क्रीन गोठली. मावशीने पुन्हा दाबलं. हूं नाही की चूं नाही. मग ती दाबतच सुटली. तुम्हीही तेच केलं असतं. स्क्रीन जागी झाली तेव्हा दहाच्या जागी सत्तर शेअर घेतले गेले होते! अनामतीचे सगळे पैसे त्यात गेले. दुसऱ्या दिवशी भाव असा आपटला की विकून निम्मेच हाती आले.

तिचा धाकटा भाऊ म्हणाला, "ताई, तुझा हातच उतावळा. यापुढे पासवर्ड माझ्याकडे राहू दे." नेटवाला म्हणाला, लाइन ठणठणीत आहे. आणि शेअरच्या ॲपवाल्या कंपनीने कळवलं, 'आमच्या यंत्रणेत कोणताही दोष आढळला नाही. आपला माऊस जुना व सदोष असावा.'

सदोष! मी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मावशीनेही मला टेबलावर आपटलं. "मेल्या, तूच घात केलास!" म्हणाली आणि बटणांच्या डब्यात कोंबलं. तिथे हुकांच्या टोचण्या खात मी ढसाढसा रडलो असतो, पण माझ्यात तशी सोय नाही.

मावशी मात्र गप्प बसणारी नव्हे. तिने तक्रार मंडळाकडे अर्ज केला. सुनावणीला भावाला नेलं आणि आरोपी म्हणून मलाही नेलं, रुमालात बांधून. समोर मंडळाच्या अध्यक्षबाई आणि कंपनीचे साहेब. साहेबांनी मला आपल्या लॅपटॉपला जोडलं.

"बघा हं," ते ऐटीत म्हणाले, "एकदा दाबलं की हा दोनदा दाबतो."

त्यांनी दाबलं. मी एकदाच वाजलो. पुन्हा दाबलं. पुन्हा एकदाच. अहो, तपासनीसबाईंच्या नावाला बट्टा लावीन का मी?

"बरं, माऊस राहू दे," साहेब कपाळ पुसत म्हणाले. "आमचं ॲप कसं पळतं ते पाहा. माझ्याच खात्यावरून एक शेअर घेऊन दाखवतो." मला बाजूला सारून त्यांनी आपला नवाकोरा माऊस लावला आणि बटण दाबलं. स्क्रीन गोठली. साहेब कसनुसे हसले. पुन्हा दाबलं. मग दाबतच सुटले.

"किती वेळा दाबताय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"अहो, काहीच होत नाहीये ना!"

भाऊ हळूच मावशीकडे बघायला लागला. एवढ्यात स्क्रीन जागी झाली. एकाच्या जागी अकरा शेअर! साहेबांची पाचावर धारण बसली. त्यांनी आपल्याच कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला, तोही घाईत स्पीकरवर. पलीकडून एक मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आमच्या यंत्रणेत दोष नाही. आपला माऊस तपासून घ्या."

अध्यक्षबाईंना पाणी पिता पिता ठसका लागला.

आता कंपनी नुकसान भरून द्यायला तयार झाली. पण कागदावर साहेबांनी लिहिलं, 'केवळ सद्भावना म्हणून.' मावशीने हातातलं पेन खाली ठेवलं.

"ताई, सही कर गं," भाऊ कुजबुजला. "नाहीतर गाळा जाईल."

"गेला तर जाऊ दे," मावशी म्हणाली. "साहेब, गिऱ्हाईकाचा कोट तोकडा झाला तर मी पदरचं कापड घालते आणि म्हणते, माझं माप चुकलं. 'तुम्हीच उंच आहात, पण दया म्हणून शिवून देते' असं नाही म्हणत. चूक तुमची आहे. तसं लिहा."

साहेबांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. पण लिहिलं त्यांनी, 'चूक आमची आहे.' मावशीने ते भावाला मोठ्याने वाचायला लावलं, मग सही केली. भावाने जिन्यातच तिला पासवर्ड परत दिला.

मित्रांनो, हल्ली मी नव्या गाळ्यात असतो. आम्हाला पुसत चला, आमची वायर ओढू नका, स्क्रीन गोठली तर आमच्यावर राग काढू नका. आणि एखाद्या मोठ्याची चूक गडगडत येऊन तुमच्या डोक्यावर बसायला लागली, तर मान खाली घालू नका. कोणाचं चुकलं ते विचारा. आणि तोंडी उत्तर ऐकून उठू नका, लिहून घ्या.