माझ्या शोकसभेला मी हजर होते

कमलाकांत वकिलाच्या आधी मरायचं नाही, हे मी अकरा वर्षांपूर्वी ठरवलं. तेव्हा मी चौसष्टची होते, तो एकाहत्तरचा. त्याला मधुमेह, मला नुसती गुडघेदुखी. म्हणजे काम अवघड नव्हतं. मी खाण्यापिण्याकडे लक्ष द्यायचं आणि त्याने द्यायचं नाही, एवढंच.

आमच्याकडे अकोल्याला मोक्षधामात अग्नी दिला की मंडळी शेडखाली बसतात आणि शोकसभा होते. दोघंतिघं बोलतात, मग दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायचं आणि घरी जायचं. कमलाकांत वकील आला असेल तर मात्र दोघांतिघांचा नंबर लागत नाही, तो एकटाच बोलतो. चाळीस मिनिटं. मे महिन्यात सेहेचाळीस डिग्रीत, समोर चिता पेटलेली असताना, या माणसाने लोकांना चाळीस मिनिटं बसवून ठेवलेलं आहे. एकदा मयताचा साडू चक्कर येऊन पडला. वकिलाने त्याला पाणी पाजलं आणि भाषण जिथे सुटलं होतं तिथून पुन्हा धरलं.

अकरा वर्षांपूर्वी माझे यजमान शेषराव गेले तेव्हाही हाच बोलला. आमच्या घरातल्या बायका तेव्हा स्मशानात जात नव्हत्या, म्हणून मी घरी होते. दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं. शेषराव बार्शीटाकळीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे, जठारपेठेतून रोज एसटीने जायचे. सातवी झाली की तिथल्या मुली वर्गातून गायब व्हायच्या, कोणी निंदणाला, कोणी लग्नाला. हे घरोघरी जाऊन त्यांच्या बापांच्या विनवण्या करायचे. अशा तेवीस मुली त्यांनी परत आणल्या आणि दहावीपर्यंत नेल्या. आणि पेपरात काय, तर 'सर स्वभावाने भिडस्त होते, या कार्याची हिंमत त्यांना मीच दिली, असे भावपूर्ण उद्गार वकीलसाहेबांनी काढले.'

ती हिंमत माझ्या पत्र्याच्या पेटीत होती. १९८७ सालचा मेमो. कमलाकांत तेव्हा शाळेच्या संस्थेचा सचिव होता. कुणा बड्या पालकाने तक्रार केली आणि याने शेषरावांना लेखी दिलं, 'शाळेच्या वेळेनंतर विद्यार्थिनींच्या घरी जाणे शिक्षकाच्या चारित्र्यास शोभणारे नाही. पुन्हा असे आढळल्यास सेवेतून कमी करण्यात येईल.' खाली झोकदार सही. चारित्र्य हा शब्द वाचून माझा माणूस दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी मीच म्हटलं, "मी येते तुमच्यासंगं. मंग कोण काय बोलते ते पाहू." पुढची चार वर्षं आम्ही दोघं दर रविवारी बार्शीटाकळीत दारोदार फिरलो. मेमो कुणाला दाखवायला ते कधीच तयार झाले नाहीत. जाऊ दे म्हणायचे. मला जाऊ देता येत नाही, माझा तो स्वभावच नाही.

तर बेत असा होता. कमलाकांत मरेल, मी मोक्षधामात जाईन, आता बायकांना कुणी अडवत नाही, आणि त्याच्या चितेसमोर उभी राहून तो मेमो वाचीन. मेमो मी लॅमिनेट करून घेतला. न जाणो, तो पावसाळ्यात मरायचा.

त्यासाठी मी काय नाही केलं. रोज पहाटे चार किलोमीटर चालले. सांबारवडी सोडली, आणि वऱ्हाडात जन्मलेल्या बाईने सांबारवडी सोडणं म्हणजे काय ते पुण्याच्या लोकांना कळायचं नाही, त्यांच्याकडे सांबाराला कोथिंबीर म्हणतात. दुधी खाल्ला. सकाळी बिनसाखरेचा चहा पिताना रोज त्याचं तोंड आठवायचं आणि चहा गोड लागायचा. ओळखीतलं कुणीही गेलं की मी मोक्षधामात हजर, मयतापेक्षा वकिलाची तब्येत बघायला. तो आपला ठणठणीत. हातात कचोरी, कानाला मात्र ऐकायचं मशीन लागलेलं.

मग गेल्या जानेवारीत माझाच श्वास लागायला लागला. माझी मुलगी दामिनी अमरावतीला असते. ती मला तिथल्या हृदयाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. पोरगेलासा डॉक्टर, पण सरळ बोलणारा. म्हणाला, "आजी, झडप आवळली आहे. बदलली नाही तर वर्ष, फार तर दीड वर्ष. बदलायची म्हटलं तर या वयात टेबलावर धोका आहे, पण निभावलं तर दहा वर्षं कुठे गेली नाहीत."

"आणि ब्याऐंशी वर्षांचा मधुमेहवाला, कचोरी खाणारा माणूस किती जगते?" मी विचारलं.

"कोण आहेत ते तुमचे?"

"कोणी नाही. सहज विचारून राहिली."

डॉक्टर म्हणाला की तसं सांगता येत नाही, असे लोक कधीकधी नव्वदी गाठतात. मरणाला मी घाबरले नाही. पंचाहत्तर वर्षं खाल्लं, प्यायलं, भांडले, चांगला नवरा मिळाला, खूप झालं. पण अमरावतीहून परत येताना बडनेऱ्यापर्यंत माझ्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं, मी लाकडांवर निजलेली आणि समोर कमलाकांत घसा खाकरतोय. मेमो पेटीत पडून राहणार आणि तो माझ्यावरसुद्धा चाळीस मिनिटं बोलणार. रागाने मला गाडीतच धाप लागली. दामिनीने पाणी दिलं. मूर्तिजापूर येईस्तोवर माझं ठरलं होतं. मी म्हटलं, "ऑपरेशन मागून. आधी माझी शोकसभा."

"आई, तू काय बोलून राहिली?"

"माझी शोकसभा. मी जिती असताना. तू हॉल पाहा."

पत्रिका छापायला गेले तर प्रेसवाला चंदन गोंधळला. "काकू, नावाआधी कै. टाकू का?" मी म्हटलं, "टाकू नको. पण जागा सोडून ठेव, मागून ती कामी येईन." प्रमुख वक्ते म्हणून कमलाकांतचं नाव टाकलं आणि पत्रिका घेऊन स्वतः त्याच्या घरी गेले. तो एकटाच बसला होता. पत्रिका दोनदा वाचली.

"वहिनी, जिवंतपणी?"

"हाव. मेल्यावर मले ऐकू येणार नाही ना. तुमचं भाषण ऐकायची लय इच्छा हाय."

त्याचे डोळे भरून आले. मासा गळाला लागला, असं मी मनात म्हटलं, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

शोकसभा मार्चमधल्या रविवारी झाली, जठारपेठेतल्याच एका लहानशा हॉलमध्ये. हार घातलेला माझा फोटो टेबलावर आणि त्याच्या बाजूच्या खुर्चीत मी. शेजारीपाजारी आले, एक्स्चेंजमधल्या माझ्या मैत्रिणी आल्या. मी तीस वर्षं अकोल्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. आणि त्या तेवीस मुलींपैकी अकरा जणी आल्या, सगळ्या पन्नाशीच्या आसपासच्या. त्यांना सुंदराबाईने गोळा केलं होतं. तिचा बाप तिला कापूस वेचायला पाठवत होता, त्याच्या दारात आम्ही सात रविवार उभे राहिलो होतो. आता ती तेल्हाऱ्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका आहे. "जय भीम, काकू," म्हणाली आणि फोटोकडे बघून हसायलाच लागली. "फोटो तं चांगला आला तुमचा."

कमलाकांत बोलायला उभा राहिला. मी आधीच जाहीर केलं होतं की प्रत्येकाला तीन मिनिटं. ट्रंक कॉलच्या काळात बाहेरगावच्या फोनला तीन मिनिटं झाली की आम्ही मधे बोलायचो, 'तीन मिनिटं झाली, वाढवायची का?' माझी अर्धी हयात ते वाक्य म्हणण्यात गेली आहे. तीन मिनिटं झाल्यावर मी तेच वाक्य खणखणीत म्हटलं. लोक हसले. तो थांबला नाही. सहाव्या मिनिटाला पुन्हा म्हटलं. मग माझ्या लक्षात आलं की त्याने कानातलं मशीन काढून खिशात ठेवलंय. माइकजवळ ते शिट्टी मारतं, म्हणून.

तो माझ्यावर चांगलं बोलला, हे मान्य करायला हवं. पण विसाव्या मिनिटाला गाडी त्या स्टेशनावर आलीच. "शेषराव भिडस्त. त्यांना हिंमत मी दिली." सुंदराबाई उठायला लागली. मी हात दाबून तिला खाली बसवलं.

तो बसल्यावर मी उभी राहिले. म्हटलं, "मयताले उत्तर द्यायची संधी आजवर कोणाले भेटली नाही. मले भेटली." आणि मेमो वाचला. तारीख, जावक क्रमांक, चारित्र्य, सेवेतून कमी, आणि खाली सही कुणाची तेही. पंचाहत्तरीतही माझं बोलणं कुणाला दोनदा विचारावं लागत नाही.

आणि कमलाकांतने टाळ्या वाजवल्या. एकट्याने, जोरजोरात, हसऱ्या तोंडाने. त्याला वाटलं मी त्याचं कौतुक केलं.

अकरा वर्षं. अकरा वर्षं मी दुधी खाल्ला तो त्याचं तोंड उतरलेलं बघायला, आणि हा टाळ्या वाजवत होता. मला इतका संताप आला की रडू फुटलं असतं. मी तशीच चालत त्याच्यापुढे गेले आणि मेमो त्याच्या हातात कोंबला.

त्याने चष्मा लावला. वाचलं. वकील माणूस, कागद आधी खालून वाचतो. सहीवर त्याचा अंगठा बराच वेळ थांबला. मग खिशातून मशीन काढून कानात घातलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला बोलायचं ते वाचून झालं होतं. तो उठला आणि पुन्हा माइककडे गेला. मागच्या रांगेतून कोणीतरी "अरे देवा" म्हणालं. मशीनने शिट्टी मारली.

"सही माझी आहे," तो म्हणाला. "शेषरावांना मी अडवलं होतं. हिंमत मी दिली नाही."

आणि खाली बसला. सुंदराबाईने घड्याळ पाहिलं. "काकू, पुरे दहा सेकंदही नाई," ती म्हणाली. मग उभी राहून तिनेच सांगितलं, "सरांसाठी दोन मिनिटं उभे राहा सगळे." त्या अकरा जणी आधी उठल्या, मग बाकीचे, आणि शेवटी कमलाकांत खुर्चीला धरून उठला. तेव्हा मात्र मी रडले. माझ्या शोकसभेत माझ्यासाठी कोणी रडलं नाही, मीच शेषरावांसाठी रडले.

नंतर सांबारवडी होती. स्वतःच्या शोकसभेत पथ्य कोण पाळतं? मी तीन खाल्ल्या. कमलाकांत बशी घेऊन माझ्याजवळ येऊन बसला.

"वहिनी, हा कागद तुमी माझ्यावेळी वाचणार होत्या ना?"

"हाव," मी ओरडून म्हटलं. सगळ्या हॉलने ऐकलं.

"मग वाचा. माझ्यावर बोलायला आता कोणी उरलं नाही. जे बोलले असते त्यांच्यावर मीच बोलून बसलो."

"तीन मिनिटं बोलीन."

"पाच तरी द्या."

"तीन. आणि मेमो आधी."

त्याने मान हलवली आणि पाचवी सांबारवडी उचलली. मधुमेहवाल्याने पाच. मी आधी मनात म्हटलं, खाऊ दे. मग आठवलं की माझं ऑपरेशन बाकी आहे, आणि मी दवाखान्यात असताना हा गेला तर त्याच्यावर कोण बोलणार? मी बशी हिसकावून घेतली.

मी त्याला माफ केलेलं नाही. लोकांना तसं वाटतं, पण ते चूक आहे. चारित्र्य हा शब्द मी विसरणार नाही. तरी खरं सांगायचं तर या अकरा वर्षांत मला पहाटे अंथरुणातून त्याच्याइतकं कोणी उठवलं नाही. नवरा गेल्यावर बायका खचतात, मी चार किलोमीटर चालत होते. त्याचे उपकारच म्हणायचे, फक्त ते मी त्याला सांगणार नाही.

एप्रिलच्या शेवटी अमरावतीला दाखल झाले. ऑपरेशनच्या सकाळी दामिनीने एक पाकीट दिलं, अकोल्याहून आलेलं. आत वकिली अक्षरात दोन ओळी होत्या. 'वहिनी, तुम्ही परत आला नाहीत तर मी बोलणार आहे. चाळीस मिनिटे.' खाली तीच झोकदार सही.

मला आत न्यायला आले तेव्हा चिठ्ठी माझ्या मुठीत होती. डॉक्टरने विचारलं, "आजी, भीती वाटते का?" मी चिठ्ठी त्याच्या हातात दिली. त्याने वाचली. कोण, काय, ते मी त्याला थोडक्यात सांगितलं.

"चाळीस मिनिटं?" तो म्हणाला. "या उन्हात?"

"हाव. लोकं मरतीन. आता तुमीच पाहा काय करायचं ते."

त्याने चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली आणि हात धुवायला गेला. मी छताकडे बघत, आमच्या एक्स्चेंजमध्ये म्हणायचो त्याच आवाजात म्हटलं, पंचाहत्तर वर्षं झाली, वाढवायची.