दोन इंचांनी अडलेली बाबागाडी

मी एक जुनी बाबागाडी आहे, मित्रांनो, आणि साधीसुधी नव्हे, जोडबाबागाडी. एकाशेजारी एक अशी दोन बाळं माझ्यात आरामात मावतात. त्यामुळे माझी अंगकाठी जरा रुंदच आहे. या कडेपासून त्या कडेपर्यंत बरोबर तीस इंच. या रुंदीपायी एका आईचे आठ महिने फार वाईट गेले. आता सगळं सुरळीत झालं आहे, म्हणून मोकळ्या मनाने सांगते.

माझा जन्म सायकली बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात झाला. पाइप सायकलीचाच, चाकंही सायकलीसारखीच, फक्त बारकी. छत्री तंबूच्या लाल कापडाची. ती शिवणारा कारागीर तोंडात टाचण्या धरून काम करायचा आणि कुणी काही विचारलं की नुसतं 'हुं हुं' करायचा. माझी घडी करता यावी, असं त्या कारखान्यात कुणाच्या मनातही आलं नाही. सायकलीची कुठे घडी होते? चाकं तेवढी पान्याने काढता येतात.

मला पहिल्यांदा नेलं एका बेकरीवाल्याने. त्याला जुळी मुलं झाली होती. मुलं कसली, दोन तोफाच! एकमेकांच्या टोप्या ओढायची, एकमेकांची बिस्किटं खायची. माझ्या दोन बैठकांच्या मधल्या फटीत त्या बिस्किटांचा चुरा अजून आहे. लोक रस्त्यात थांबून मुलांचं कौतुक करायचे आणि जाता जाता माझंही करायचे. मला ते फार आवडायचं, खोटं कशाला बोलू?

मग जुळी चालायला लागली आणि माझे दिवस फिरले. बेकरीवाल्याने माझ्यावर मैद्याची पोती लादली. मी पोत्यांनाही नीट नेलं, पण पोतं कधी हसत नाही, मित्रांनो. पुढे पोत्यांसाठी ढकलगाडी आली आणि मी कोपऱ्यात गेले. एक चाक जाम झालं. छत्रीला भोक पडलं. चार वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही.

एके दिवशी बेकरीची मालाची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्येच अडकली, पावाच्या ट्रेसकट. ती दुरुस्त करायला एक उंचापुरा माणूस आला. काम झाल्यावर हात पुसता पुसता त्याची नजर माझ्यावर पडली.

"ही विकायची आहे का?" त्याने विचारलं. "घरी थोरली तीन वर्षांची आहे आणि धाकट्याचं आगमन आता कधीही."

"विकायची कसली? घेऊन जा," बेकरीवाला म्हणाला. "माझी तेवढीच जागा मोकळी होईल."

हे लिफ्टवाले बाबा मोठे हौशी. त्यांनी मला खरवडलं, रंग दिला, चाकांना नवी बेअरिंग घातली. "अशी वस्तू आता बनत नाही," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. त्यांचं घर तेव्हा तळमजल्यावर होतं. आई चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची. धाकट्यासाठी ती रजेवर होती. रोज सकाळी ती दोघांना माझ्यात बसवायची आणि आम्ही निघायचो. ते चार महिने कसे गेले कळलं नाही.

मग बाबांच्या कामाच्या जवळ म्हणून घर बदललं. नवं घर चौथ्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, पण लहानशी. आत पाटी होती, 'चार माणसं, दोनशे बहात्तर किलो'. तिचं दार अठ्ठावीस इंचांचं आणि मी तीस इंचांची. पहिल्याच दिवशी मला आत घालताना दोन्ही बाजूंनी माझा रंग निघाला. मी काही मावले नाही. खाली जिन्यापाशी ठेवावं, तर इमारतीच्या सेक्रेटरींनी मोडता घातला, येण्याजाण्याची वाट अडते म्हणे. तेव्हा माझा मुक्काम चौथ्या मजल्यावर, चपलांच्या कपाटाशेजारी.

सुट्टीच्या दिवशी बाबा मला डोक्यावर घ्यायचे आणि शीळ घालत चार मजले उतरायचे. त्यांच्या दृष्टीने प्रश्न मिटलेला होता. पण उरलेले सहा दिवस? आई एका काखेत धाकटा, दुसऱ्या हातात थोरली अशी खाली उतरली, की दहा मिनिटांत थोरली म्हणायची, "पाय दुखले, मला पण उचल." दोघांना उचलून दूध-भाजीच्या पिशव्या कशा आणणार? रोज दोन मुलं जवळ असताना पाना घेऊन माझी चाकं काढत बसणं तर अशक्यच. तिची रजा संपली, तेव्हा तिने दुकानाला येत नाही म्हणून कळवून टाकलं. हळूहळू आई खाली जायचीच बंद झाली. एकदा तर सलग अकरा दिवस ती उंबऱ्याबाहेर गेली नाही. मी दाराशीच होते, मला ठाऊक आहे.

एका दुपारी तिने दोघांना माझ्यात बसवलं आणि मला ढकलू लागली. दारापासून लिफ्टपर्यंत सात पावलं. तिथून वळायचं, परत सात पावलं. कितीतरी वेळ आम्ही तेच करत होतो. तेवढ्यात बाबा लवकर घरी आले.

"आम्ही फिरायला गेलो होतो," थोरली म्हणाली.

बाबांना हसू आवरेना. आईसुद्धा हसली. पण हसता हसता तिने मला पुन्हा वळवलं आणि पुन्हा सात पावलं चालली. मला त्या दिवशी स्वतःच्या रुंदीची लाज वाटली. पण बाबागाडीला कुठे तोंड असतं?

थोड्याच दिवसांत बाबांना परदेशी जायची संधी चालून आली. त्यांच्या कंपनीची तिथे तीन प्रांतांत कामं होती. एकीकडे मोठं शहर, दुसरीकडे समुद्रकिनारा, तिसरीकडे सगळा सपाट मुलूख. कोणता हवा ते आपण ठरवायचं, दहा दिवसांत तिन्ही ठिकाणं पाहून यायची आणि सोमवारी उत्तर द्यायचं. कमीत कमी पाच वर्षं तिथेच काढायची होती. घरात नुसता आनंदीआनंद! बाबांनी एक मोठा तक्ता आखला. त्यात बावीस रकाने होते, शाळा, दवाखाना, हवा, पगार, भाडं, सुट्ट्या, काय न् काय. प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे. त्यात लिफ्टचाही रकाना होता, हे सांगायला नकोच. थोरले काका फोनवर रोज एकच सांगायचे, "डोळे झाकून मोठं शहर घे. मुलांचं भलं होईल."

आईला सगळे विचारायचे, पण शाळेविषयी, थंडीविषयी, मुलांच्या दुधाविषयी. ती मुलं झोपली की माझ्या शेजारी पायरीवर येऊन बसायची आणि बोटाने माझं चाक फिरवत राहायची. पाच वर्षं. धाकटा शाळेत जाईपर्यंत ती आणि मुलं त्या नव्या घरात दिवसभर एकटी असणार होती. बाहेर पडता आलं नाही तर काय, या एका विचाराने तिची झोप उडाली होती, आणि बावीस रकान्यांत त्याला जागा नव्हती.

निघताना बाबा म्हणाले, "हिला कशाला न्यायचं? तिथे भाड्याने मिळेल की एखादी हलकी."

"हीच न्यायची," आई म्हणाली. इतकं ठाम ती कितीतरी महिन्यांत बोलली नव्हती. बाबांनी मुकाट्याने पाना काढला, माझी चाकं सोडवली आणि मी विमानाच्या पोटात जाऊन बसले.

मोठ्या शहरातलं घर बाविसाव्या मजल्यावर होतं. काय ती लिफ्ट! आरसा, मऊ दिवे, एकवीस माणसांची जागा. मी तर आत जाऊन वळूसुद्धा शकले. बाबांनी बटणांवरून असा हात फिरवला, जसा आपण मांजरावरून फिरवतो. "दहापैकी दहा," ते म्हणाले. मग आम्ही बाजाराला निघालो. गाडीचं स्टेशन जमिनीखाली होतं, अठ्ठावन्न पायऱ्या खाली, आणि तिथल्या लिफ्टला 'बंद' अशी पाटी. बाबांनी एका वाटसरूला हाताशी धरलं आणि दोघांनी मला अल्लद खाली नेलं. "होईल दुरुस्त," बाबा म्हणाले. परत येताना दुसऱ्या स्टेशनवर उतरलो, तिथे लिफ्टच नव्हती. दांडीवरची आईची पकड घट्ट होत चालली होती, ते मला कळत होतं.

समुद्रकाठचा प्रांत चित्रासारखा सुंदर. थोरली तर वेडीच झाली. पण घरं सगळी चढावर, रस्ते दगडी, आणि दर दुकानाला तीन-तीन पायऱ्या. उतारावर आई मागे रेलून मला धरून ठेवत होती आणि माझे ब्रेक कुरकुरत होते. "हवा बघ, हवा!" बाबा म्हणाले आणि हवेला दहा गुण देऊन मोकळे झाले.

सपाट प्रांतात आम्ही सगळ्यात शेवटी गेलो. आभाळ राखाडी, घरं एकसारखी, नजरेत भरावं असं काही नाही. तक्त्यात मोठं शहर केव्हाच पुढे निघून गेलं होतं, तेव्हा हे नुसतं पाहिल्यासारखं करायचं होतं. सकाळी बाबा कंपनीच्या लोकांना भेटायला गेले. आई दोघांना माझ्यात बसवत म्हणाली, "चला, जरा दूध घेऊन येऊ." तिचा फोन खोलीत चार्जिंगला लावलेला होता, तो तिथेच राहिला.

मित्रांनो, माझ्या सगळ्या आयुष्यात तो दिवस मला सर्वांत लाडका आहे. दुधाच्या दुकानाला पायरी नव्हती. आम्ही आत गेलो आणि बाहेर आलो, बस्स! चौकात फूटपाथ रस्त्याला येऊन अगदी अलगद मिळत होता. आई थबकली, मागे गेली, आणि पुन्हा एकदा तोच फूटपाथ उतरून पाहिला. मग एक बस आली. ड्रायव्हरने आमच्याकडे पाहिलं, काहीतरी दाबलं, आणि बस एका अंगाला खाली झुकली. आई मला घेऊन चढली, कुणाची मदत न घेता. आम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, कारण कुठे जायचं हे ठरलंच नव्हतं.

तिथे वाचनालय होतं. थोरलीने न कळणाऱ्या भाषेतली नऊ पुस्तकं पाहिली. पुढे एक चष्म्याचं दुकान लागलं. आई काचेबाहेर उभी राहिली, आणि मग चक्क आत गेली. दुकानातल्या बाईंची भाषा तिला येत नव्हती, पण भिंतीवरची अक्षरं, काचा, तपासायचं यंत्र, हे सगळं तिचं ओळखीचं होतं. दोघी खाणाखुणा करत अर्धा तास बोलत होत्या. येताना चुकीच्या बसमध्ये बसलो. आई हसली, उतरली, आणि दोन थांबे चालत आली. माझ्या चाकाला कुणीतरी थुंकलेलं च्युइंगम चिकटलं, तेवढंच काय ते विघ्न.

परत आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. बाबा दारातच उभे होते, चेहरा पांढराफटक.

"कुठे होतीस?" त्यांचा आवाज चढला. "अडीच तास शोधतोय मी! फोन खोलीत, तुमचा पत्ता नाही. पोलिसांकडे निघालो होतो आता!"

"आम्ही हरवलो होतो, बाबा!" थोरली ओरडली. "मज्जा आली!"

"बाहेर होते," आई म्हणाली.

"बाहेर म्हणजे कुठे?"

"अरे, बाहेर. नुसती बाहेर." आणि तिला रडू फुटलं. "दूध घ्यायला उतरले आणि परत यावंसंच वाटेना. कुणाला हाक मारावी लागली नाही रे. 'जरा धरता का, जरा उचलता का', एकदासुद्धा नाही."

बाबांचा राग जागच्या जागी विरला. ते पलंगावर बसले. आईने मग सगळं सांगितलं, एक-एक दिवस सांगितला. ते अकरा दिवसही सांगितले.

"अगं, मला बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? तू दिवसभर लोकांच्या लिफ्ट चालू करून यायचास, दमून. आणि मी काय सांगू, लिफ्टवाल्याच्या बायकोला खाली उतरता येत नाही म्हणून?"

बाबा उठले. त्यांच्या खिशात मोजायचा टेप कायम असतो. ते माझ्यापुढे गुडघे टेकून बसले आणि त्यांनी मला मोजलं, पहिल्यांदाच. रंग दिला, बेअरिंग घातली, चार मजले डोक्यावरून नेलं, पण मोजलं कधी नव्हतं.

"तीस," ते म्हणाले. "आणि आपल्या घरचं दार अठ्ठावीस. दार मला पाठ आहे. गावातल्या झाडून सगळ्या लिफ्टची दारं मला पाठ आहेत." ते उठून इथल्या जिन्याजवळ गेले, इथल्या लिफ्टचं दार मोजून आले, छत्तीस इंच. मग म्हणाले, "पण आपण तळमजलाच बघू."

तक्त्याचं काय झालं म्हणता? धाकट्याने तो चघळला. काकांना कळवलं तेव्हा ते फोनवर ओरडले, "अरे, पण त्या सपाट प्रांतात आहे तरी काय?"

"फूटपाथ आहे," बाबा म्हणाले.

आता आम्हाला इथे तीन वर्षं झाली. आई त्याच चष्म्याच्या दुकानात अर्धा दिवस काम करते. इथली भाषा ती बोलते, थोडी मोडकीतोडकी, पण बिनधास्त. बाबांची बढती जरा लांबली, त्याचं त्यांना काही वाटत नाही. मुलं आपल्या पायांनी पळतात, त्यामुळे मी सामानाच्या खोलीत असते. छत्री विटली आहे, एक चाक पुन्हा कुरकुरतं. वर्षातून एकदा थेंबभर तेल मिळालं तर बरं वाटेल, एवढंच मागणं आहे. जिन्यापाशी एखादी बाबागाडी घेऊन कुणी ताटकळलेलं दिसलं, तर एक बाजू तुम्ही उचला. आम्ही दिसतो तेवढ्या जड नसतो.

आणि तुमच्या घरात कधी दुसऱ्या गावी, दुसऱ्या देशी जायचं ठरलं, तर मित्रांनो, मोठ्यांना माझा एक निरोप सांगा. शाळा बघा, हवा बघा, पगारही बघा. पण त्या घरात दिवसभर जे माणूस राहणार आहे, त्याला आधी विचारा, तुला एकट्याला बाहेर पडता येईल ना? ते माणूस हसून म्हणेल, "हो, त्यात काय, मी करेन काहीतरी." तेव्हा तिथून उठू नका. पुन्हा एकदा विचारा.