जानेवारीच्या आधी

"मुलाचं होईल," काचेपलीकडच्या बाई म्हणाल्या, "मुलीचं नाही."

रियाधच्या ब्रिटिश वकिलातीत खैरुन्निसा मुलांच्या पासपोर्टसाठी खिडकीपाशी उभी होती. बाईंचं इंग्रजी तिला नीट कळलं होतं. तिचा बाप जहाजावरचा खलाशी. बर्मिंगहॅमला गेला आणि तिथलाच झाला. ती तिथेच जन्मली, दहा वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढली. मग आईबरोबर रत्नागिरीला आली, हाशमशी लग्न झालं आणि त्याच्या मागोमाग सौदीत. पासपोर्ट मात्र ब्रिटिशच राहिला.

"दोघं एकाच आईची आहेत," ती म्हणाली.

बाईंनी शांतपणे समजावलं. त्र्याऐंशीच्या एक जानेवारीपासून कायदा बदलला. त्याआधी परदेशात जन्मलेल्या मुलांना नागरिकत्व बापाकडूनच मिळे, आईकडून नाही. सुफियान चौऱ्याऐंशीचा. अफशाँ ब्याऐंशीच्या डिसेंबरातली. अठरा पूर्ण व्हायच्या आत आणली असती तर खास अर्ज करता आला असता. अफशाँला आता एकोणिसावं संपत आलं होतं.

हाशम बाहेर गाडीत वाट बघत होता. रियाधच्याच अल सुलै भागातल्या एका गोदामात तो वर्षानुवर्षं स्टोअरकीपर होता. सौदीकरणाचा हुकूम आला आणि त्याच्या खुर्चीवर एक सौदी तरुण बसला. महिनाअखेर फायनल एग्झिट, म्हणजे सौदी कायमचं सोडायचं. मग सगळ्यांनी खैरुन्निसाच्या बापाकडे जायचं ठरलं होतं.

"अठरापर्यंत होत होतं?" हाशमने विचारलं. "मग आपल्याला कोणी बोललं कसं नाही?"

"आपण तरी कुठे विचारलं?"

त्याने गाडी सुरू केली.

अफशाँने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अम्मी, मी आठव्या महिन्यात झाले ना?"

"हो."

"म्हणजे मी खरी जानेवारीतली."

खैरुन्निसाला दम्मामचं इस्पितळ आठवलं; तेव्हा ते तिकडे राहत. बीपी वाढलेलं, घाईचं ऑपरेशन, आणि काचेच्या पेटीतली मुठीएवढी पोर. नुसती जगू दे, एवढंच तिने तेव्हा मागितलं होतं.

"घाई केली मी," अफशाँ हसण्याचा प्रयत्न करत म्हणाली.

"तू नाही केलीस. थांबलो असतो तर दोघीही उरलो नसतो."

सुफियान दारात उभा होता. "I'm not going without her," तो म्हणाला.

"जायचं," हाशम म्हणाला. "माझा राहण्याचा इकामा संपला की इथे तुलाही कोण ठेवणार? तिथे तुझे नाना आहेत, शिक्षण आहे." मग बायकोकडे वळून म्हणाला, "खैरून, तू जा त्याच्याबरोबर. तुझा नवरा म्हणून मला मागाहून व्हिसा मिळेल."

"आणि अफशाँ?"

"रत्नागिरीला, माझ्या बहिणीकडे..." हाशम म्हणाला.

"तुमची बहीण चांगली आहे," खैरुन्निसा म्हणाली. "पण तिची आई मी आहे."

रियाधच्या विमानतळावर सुफियान एकटाच लंडनच्या रांगेत गेला; बाकी तिघं मुंबईला निघाली होती. अफशाँने त्याची कॉलर नीट केली. तो मागे वळून बघेल म्हणून खैरुन्निसा बराच वेळ थांबली. तो वळला नाही. वळला असता तर गेला नसता, असं हाशम नंतर विमानात म्हणाला.

मुंबईला उतरल्यावर हाशम आणि अफशाँ भारतीयांच्या रांगेत लागले. खैरुन्निसाही त्यांच्या मागे उभी राहिली, तर शिपायाने तिच्या हातातला पासपोर्ट बघून तिला पलीकडे, परदेशी लोकांच्या रांगेत पाठवलं. तिच्या पुढे शॉर्ट्समधले दोन गोरे प्रवासी होते.

अधिकाऱ्याने पासपोर्ट चाळला, बुरख्यातल्या तिच्याकडे पाहिलं आणि इंग्रजी सोडून मराठीत विचारलं, "भारतात कशासाठी?"

"घरी चालले."

"व्हिसा सहा महिन्यांचा आहे, बाई. पुढे?"

"पुढे परत मागेन."

त्याने शिक्का मारायला वेळ घेतला. पलीकडे हाशम आणि अफशाँ केव्हाच सुटले होते. गर्दी होतेय म्हणून शिपाई अफशाँला पुढे जायला सांगत होता. ती थोडी बाजूला सरली आणि आईकडे तोंड करून तिथेच उभी राहिली.