तळाचा रकाना

त्या परदेशी कंपनीत वर्षअखेरीला एक फॉर्म यायचा. टीममधल्या दहा जणांना क्रम लावायचा आणि एकाला तळाच्या रकान्यात टाकायचंच, दहाही जण चांगले असले तरी. रकाना रिकामा ठेवला तर फॉर्म पुढे सरकायचा नाही. तळाला गेलेला माणूस बहुधा तीन महिन्यांत घरी बसायचा. तुमच्या ऑफिसातही असं काहीतरी असेलच, नाव वेगळं असेल एवढंच.

यंदा टीमप्रमुख म्हणून हा फॉर्म भरायला ती अगदी टपून बसली होती. सहा वर्षांपूर्वी ती बाळंतपणाच्या रजेवर असताना तिच्या तेव्हाच्या साहेबांनी तिला तळाला टाकलं होतं. रजेवर जाईपर्यंत सगळ्यात खडूस ग्राहक तिने सांभाळले आणि शेरा काय, तर 'पुढाकार कमी'. ऐनवेळी दुसऱ्या विभागाने घेतलं म्हणून नोकरी वाचली, पण तान्ह्या लेकीला मांडीवर घेऊन ती ढसाढसा रडली होती. आता विभागांची उलथापालथ झाली आणि तेच साहेब तिच्या हाताखाली आले. ऊठसूट ग्राफ काढतात म्हणून सगळे त्यांना ग्राफसाहेब म्हणायचे. वय त्रेपन्न. या वयात हाकललं तर दुसरीकडे कोणी दारात उभं करणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचंच तिला समाधान वाटत होतं.

रविवारी सकाळी ती स्वयंपाकघरातच लॅपटॉप उघडून बसली. सासूबाई समोर भाजी निवडत होत्या.

"गालातल्या गालात हसतेयस. काय झालं?"

"आई, आज त्या माणसाला धडा शिकवतेय," म्हणत तिने सगळं सांगितलं.

सासूबाईंची पंचवीस वर्षं शर्टांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर गेली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"वाईटच वागला मेला. तुझं ते रडणं मी विसरलेली नाही. पण यंदा काम कसं केलं त्याने?"

"तो प्रश्नच नाही, आई."

"मग त्या फॉर्ममध्ये विचारतात तरी काय?"

ती घुटमळली. "काम चांगलं केलंय. नव्या पोरींना त्यांनीच तयार केलं."

"आमच्या टेबलावर कधीकधी शंभरच्या शंभर शर्ट नीट यायचे. तेव्हा मी काय एखाद्याची कॉलर उसवून तो बाद करायचा होता?"

"पण एक नाव द्यावंच लागतं. नाहीतर मलाच जाब विचारतील."

"तेव्हा त्यालाही हीच भीती असणार. म्हणून मोकळा सुटला असं मी म्हणत नाही, त्याला काय सुनवायचं ते तोंडावर सुनव. पण खोटं लिहून त्याला काढलंस, तर पुढच्या वर्षी त्या रकान्यात कोण? पुन्हा एखादी बाळंतीणच ना?"

लॅपटॉप मिटताना ती मनातून धुमसतच होती.

सोमवारी तिने ग्राफसाहेबांना केबिनमध्ये बोलावलं.

"माझं नाव टाकलंत ना, मॅडम?"

"टाकणार होते. आधी सांगा, तेव्हा माझं का टाकलंत?"

"बाकीचे समोर होते, भांडले असते. तुम्ही रजेवर होता. काम तुमचंच सगळ्यात चांगलं होतं."

तिने कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. "हेच लिहा. खाली सही करा. फॉर्म अडेल, म्हणून तळाला कोणाचंच नाव न देता मी हे माझ्या पत्रासोबत थेट मुख्य कार्यालयाला पाठवतेय."

"माझी नोकरी जाईल, मॅडम."

"जाईल कदाचित. माझीही जाईल."

त्यांनी लिहिलं. तिने एकेक ओळ वाचली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा तिच्या छातीवरचं ओझं उतरलं.

नोकरी दोघांचीही टिकली. तिची बढती मात्र अडकली. पण तिचं पत्र ऑफिसभर फिरलं, आणखी चार टीमप्रमुखांनी नावं द्यायला नकार दिला आणि त्या वर्षी त्यांच्या मजल्यावरच्या कोणावरही घरी बसायची वेळ आली नाही.

मित्रहो, असे नियम करणारे दूर कुठेतरी बसलेले असतात, पण त्यात माणसाचं नाव आपण आपल्या हाताने लिहितो. राग जरूर धरा, पण तो त्या नियमावर काढा, आणि कामाचा शेरा खराच लिहा. तिने ग्राफसाहेबांना आजवर माफ केलेलं नाही. त्यांच्या नावापुढे मात्र तिने 'उत्तम' लिहिलं, कारण त्यांचं काम उत्तम होतं.