रत्नम्माच्या काळजाचा फोटो

निजाम गेला, सरकार बदललं, पण चिटगुप्प्याच्या दुकानदार हणमंतप्पाची अक्कल होती तिथंच राहिली, असं त्याच्या बायकोचं, रत्नम्माचं, स्पष्ट मत होतं. तिची नखं नि ओठ जन्मापासून निळसर. घागरभर पाणी आणलं की उंबऱ्यावर मटकन बसायची. डॉक्टरनं छातीला नळी लावून सांगितलं, हृदयाला जन्मापासून भोक असणार. बाळंतपणात बाई वाचायची नाही. हणमंतप्पाला वंशाचा दिवा हवा होता. तो म्हणाला, फोटोत दिसलं तरच मानीन.

म्हणून दोघं हैदराबादला गेली. एक्स-रेवाल्यानं गळ्यातली लिंगाची चांदीची डबी काढायला सांगितली. लिंगायतानं अंगावरचं इष्टलिंग उतरवायचं नाही, म्हणत हणमंतप्पा आडवा आला. पूजेत घेतो तसं तळहातावर धरते, असं रत्नम्मानं सुचवलं. पण बायकोचं ऐकलं तर मिशी खाली येते ना! डबी छातीवरच राहिली आणि फोटोत हृदयाच्या जागी पांढरा गोळा उमटला. खालचं काहीच दिसेना. डॉक्टर म्हणाले, हा कामाचा नाही, दुसरा काढू. हणमंतप्पानं फोटो काखेत मारला आणि गाडी गाठली.

गावात गुरुपादय्या स्वामींनी तो उन्हात धरला आणि जाहीर केलं, साक्षात शिव बसलाय काळजात, आता खुशाल पोरगं होऊ द्या. अंगणात नारळ फुटले, स्वामींना दक्षिणा मिळाली. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं. रत्नम्माला किळस आली. ह्या दोन शहाण्यांच्या पायी आपण मरायचं?

ती पदर सावरून सगळ्यांसमोर आली आणि स्वामींना म्हणाली,

"अप्पा, काळजात शिव बसलाय, खरं न्हवं?"

"व्हय बाई. सगळं गाव बघायलंय."

"मग माझी कुडी देऊळ झाली. ह्यांना सांगा, देवळात नवरा म्हणून शिरायचं न्हाई. आजपासून दुकानात निजा."

बायका हात जोडून उभ्या होत्या. गुरुपादय्यांनी फोटो उलटा केला, सुलटा केला. एवढ्या माणसांत शब्द गिळता येईना. शेवटी मान हलवून म्हणाले, "बरोबर हाय."

हणमंतप्पा घरात जाऊन अंथरूण गुंडाळू लागला. त्याचं तोंड बघून थोडी तरी दया येईल, असं रत्नम्माला वाटलं होतं. आली नाही.