सिंधू सिस्टरच्या रजेचे कारण

चैत्रातल्या उन्हात कडुलिंबाचा मोहोर माझ्या कोऱ्या कागदांवर गळत होता, आणि त्याच्या कडवट-गोड परिमळाला छेदत स्पिरिटचा एक थंड दर्प आला. मान वर करण्यापूर्वीच मी जाणले की समोर दवाखान्यातली बाई उभी आहे. रायपूरच्या कचेरीसमोर बावीस वर्षे अर्जलेखन करणाऱ्या माझ्यासारख्यास अर्जदाराचे प्रयोजन त्याच्या पावलांवरून कळते. या पावलांना आवाजच नव्हता. तेथेच मला पहिला संशय आला.

ती तात्यापारा या आमच्या मराठी वस्तीतली सिंधू सिस्टर, सरकारी दवाखान्यातली परिचारिका. मुद्रा अशी, जणू सांज उलटून गेली तरी घरात कोणी दिवा लावलेला नाही. बाकावर बसताच तिने उजव्या हाताची दोन बोटे नाडी मोजावी तशी स्वतःच्याच डाव्या मनगटावर ठेवली आणि ती कचेरीच्या घड्याळाकडे पाहत राहिली.

“तीन महिन्यांची रजा पाहिजे, भाऊ.”

“कारण?”

“थकली मी.”

“थकून तर मी बी राहिलो, सिस्टर. साहेब हसंल असं वाचून.”

“मंग तुमाले वाटंल ते लिहा. माही नणंद तिकडं आखातात नर्स हाय, तीबी फोनवर हेच म्हणते. तिच्या संगतीच्या केरळच्या पोट्ट्या, फिलिपिन्सच्या, साऱ्याच.”

इतक्या सहज शरणागतीने माझा संशय दुणावला. समुद्रापलीकडच्या स्त्रिया आणि तात्यापाऱ्यातली ही, सर्वांच्या मुखी एकच वाक्य म्हणजे ते पढवलेले असणार. आखाताचा बेत शिजत असेल, किंवा औषधांच्या कपाटाची एखादी चौकशी मागे लागली असेल. मी तिच्या नखांपासून चपलांपर्यंत सर्व न्याहाळले आणि काहीच हाती लागले नाही, म्हणून अधिकच सावध झालो.

रजेच्या अर्जात आईचे आजारपण घालावे, हा आमच्या बाकाचा प्रघात. आईपुढे कोणत्याही साहेबाची लेखणी अडत नाही. त्याचप्रमाणे, सहीपूर्वी अर्ज मोठ्याने वाचून दाखवावा, हा माझा नियम. मी वाचले, “माझी वृद्ध आई अत्यवस्थ असून तिच्या सेवेस मजखेरीज कोणी नाही.” सिस्टरने ऐकले, आणि मनगटावरची बोटे उचलून सही केली.

दहा दिवसांनी ती तोच अर्ज घेऊन परतली. सेवापुस्तकात आई मृत असल्याची नोंद होती. खोट्या कारणाचा खुलासा द्यावा, अन्यथा कारवाई होईल, असा शेरा. रजा राहिली दूर, नोकरीच पणाला लागली होती.

मी उसळलो. “काहून सांगितलं नाही? मी वाचत होतो तवा ऐकून नव्हत्या राहिल्या का?”

“ऐकून राहिली होती ना, भाऊ.” तिचा स्वर शांत होता. “वाटलं, असंल कोणाची तरी आई. वॉर्डात रोज कोणाची ना कोणाची असतेच. माही म्हणून ध्यानातच नाही आलं.”

वारा पडला होता. ज्याचा मी इतके दिवस माग काढत होतो ते तिचे गुपित बाकावर उघडे पडले होते, आणि त्याला नाव देणारा शब्द माझ्या संग्रहात नव्हता. मी कोरा कागद घेतला. लिहिले: आईचे कारण अर्जलेखकाने स्वतःच्या बुद्धीने घातले असून दोष त्याचा आहे, वाचून दाखविले असताही अर्जदारास आपली दिवंगत आई आठवली नाही, हेच रजेचे कारण समजावे. खाली, आयुष्यात प्रथमच, दुसऱ्याच्या कागदावर मी माझे नाव लिहिले.

कारवाई टळली. तीन महिन्यांऐवजी एकच महिना मिळाला.

तो संपताना ती आली. या वेळी स्पिरिटचा दर्प नव्हता, आणि चपलांचा आवाज मला दुरूनच ऐकू आला.

“काल भाजी निवडता निवडता आई आठवली, भाऊ. लय रडली मी.” आणि ती चक्क हसली. “सोमवारी हजर होईन.”

एक महिना पुरला असेल, यावर माझा विश्वास नाही. ती गेली त्या वाटेवर तेवढ्यात कडुलिंबाची सावली सरकून आली, आणि मला वाटले, गेलेले माणूस परतत नाही. परंतु त्याचे नसणे परत येण्यासही काही काळ मोकळा ठेवावा लागतो.